कर्ण्याचं तोंड घराच्या आत

लांब सूर धरणं हा काही गुन्हा नाही, असं माझं आजही मत आहे. गायकानं धरला तर लोक माना डोलावतात. सनईवाल्यानं धरला तर नवरदेवाचा बाप फेटा सारखा करून इकडंतिकडं बघतो. मी धरला तेव्हा आमच्या गल्लीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन कोपऱ्याकडं पळत सुटल्या. यात माझा दोष किती, शरणप्पाच्या कर्ण्याचा किती आणि दुष्काळाचा किती, हे एकदा शांतपणे सांगून टाकावं म्हणून हा खटाटोप.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. जिल्हा नवा म्हणजे कचेरी नवी, साहेब नवे, कपाटं नवी, आणि कपाटांत ठेवायचे कागद मात्र अजून जुन्या जिल्ह्याहून यायचे होते. त्या कचेरीत मी टंकलेखक. टंचाई शाखेत बसायचो. कुठल्या गावाची विहीर आटली, कुठल्या गावाला टँकर लागतो, हे दिवसभर बोटांनी बडवायचं. शहरातलं पाणी हे नगरपालिकेचं काम, त्याच्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. ही गोष्ट मी गल्लीत इतक्यांदा समजावून सांगितली की पुढं पुढं लोकांना माझा दाट संशय येऊ लागला.

आमची गल्ली म्हणजे नोकरदारांसाठी शहराबाहेर पडलेल्या प्लॉटांची एक ओळ. घरं आधी झाली, रस्ता आणि नळ मागून येणार होते. गल्ली अरुंद, त्यामुळं टँकर आत वळत नसे. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली उभा राहून ड्रायव्हर एक लांबलचक हॉर्न द्यायचा आणि कुणी लवकर आलं नाही तर सरळ पुढच्या वस्तीत निघून जायचा. वेळ ठरलेली नाही, वार ठरलेला नाही. त्यामुळं गल्लीतला प्रत्येक माणूस एक कान कोपऱ्याकडं ठेवून जेवायचा, झोपायचा, भांडायचा.

आमच्या मायचे, कोंडाबाईचे, दोन्ही कान तिकडंच असत. गावाकडं विहिरीवर तिची घागर सगळ्यांच्या शेवटी लागायची, आणि तीही वरून कुणी ओतली तर. इथं टँकरपुढं जो आधी पळेल त्याचा नंबर पहिला. माय सत्तरीला टेकली होती, पण पहिला नंबर तिनं कधी सोडला नाही. घागर भरून आणली की ती दिवसभर ज्याला त्याला सांगायची, "आज बी माझीच पयली हाय."

आता मूळ गोष्टीकडं येतो. माझा थोरला भाऊ व्यंकटीदादा औशाजवळच्या आमच्या गावात गायन पार्टी चालवायचा. जयंती म्हटली की आसपासच्या सगळ्या गावांत दादाची पार्टी. महाडच्या तळ्यावर त्यानं स्वतः रचलेलं एक गाणं होतं, ते झाल्याशिवाय लोक उठत नसत. दादानं वरच्या पट्टीत ओळ टाकायची आणि मागच्या झीलकऱ्यांनी 'चला हो, चला पाण्याला चला' म्हणून ती उचलून धरायची. लहानपणी मीही मागं उभा राहून झील धरायचो. माझा आवाज ऐकून दादानं एकदा मला बाजूला घेतलं आणि फार मायेनं सांगितलं, "निवृत्ती, तू नुसतं तोंड हालव. आवाज काढू नको." पुढं मी वाद्याकडं वळलो, त्याचं कारण एवढंच.

त्या वर्षी दिवाळीनंतर दादाच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, कुजबुजल्यासारखं बोलता येईल, रोज सराव करा. दादानं सराव केला नाही. ज्याची ओळ शिवारभर ऐकू जायची त्यानं कुजबुजायचं कशाला, असं त्याला वाटत असावं. तो बोटानं दाखवायचा, मान हलवायचा, आणि घरात कुणी गाणं गुणगुणलं की उठून बाहेर निघून जायचा. जयंतीला पार्टी बसणार नाही, हेही त्यानं हातानंच सांगितलं.

माझ्याकडं एक लाल इलेक्ट्रिक गिटार होती. नांदेडचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा त्यातल्या गिटारवाल्याकडून मी ती घेतली आणि एसटीनं लातूरला आणली. कंडक्टरनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, वाद्य. तो म्हणाला, वाजवून दाखवा. मी म्हटलं, याला करंट लागतो. मग हे वाद्य न्हाई, मशीन हाय, असा निकाल देऊन त्यानं मला मशीनचं लगेज लावलं. पुढं गल्लीतही या विषयावर बरीच मतं पडली, पण कंडक्टरच्या मताइतकं स्वच्छ मत पुन्हा ऐकायला मिळालं नाही.

योजना साधी होती. दादाच्या ओळी मी गिटारवर वाजवायच्या आणि जयंतीला त्याच्यापुढं त्याचं गाणं उभं करायचं. पण साथीला पार्टी हवी, आणि पार्टी दुष्काळानं पांगत चाललेली. ढोलकीवाला मारोती पुण्याकडं बांधकामावर निघाला होता, पेटीवाला रोजगार हमीच्या खडीवर, झीलकरी जिकडं काम मिळेल तिकडं. जयंतीला कोण हजर असेल याचा भरवसा नव्हता. म्हणून ते पांगण्याआधी एका रविवारी मी सगळ्यांना घरी बोलावलं. माझ्या बायकोनं, पंचफुलानं, पिठलं-भाकरी केली, आणि जेवणं झाल्यावर माझ्या टेपरेकॉर्डरवर त्यांची नुसती साथ भरून घेतली. ढोलकी, पेटी, टाळ आणि झील. दादाच्या ओळींच्या जागी फक्त ठेका. याला ट्रॅक म्हणतात असं नांदेडच्या गिटारवाल्यानं मला सांगितलं होतं. ऐकायला ते मोठं चमत्कारिक वाटायचं. कुणी काहीच म्हणत नाही आणि माणसं मात्र 'चला हो, चला' म्हणून उत्तर देत आहेत. पंचफुला ते ऐकता ऐकता डोळ्याला पदर लावून आत निघून गेली.

आता एका टेपवर ही साथ लावायची, तिच्यावर मी गिटार वाजवायची आणि दुसऱ्या टेपनं दोन्ही मिळून भरून घ्यायचं. दुसरी टेप शेजारच्या श्रीमंतरावांकडं होती. श्रीमंतराव शिरूर अनंतपाळकडचे बागाईतदार, बाग वाळल्यामुळं सध्या नुसतेच दार उघडं टाकून बसलेले. टेप त्यांनी आनंदानं दिली. सोबत सल्ले दिले. टेप पाटावर ठेवा, जमिनीवर ठेवली तर तिला उष्णता चढते. वाजवताना पंखा लावू नका, सूर उडतो. शेवटी त्यांनी विचारलं की गिटारच कशाला, भावाचं गाणं आहे तर बासरी का नाही, बासरीला करंटही लागत नाही. मी मान डोलावली, कारण टेप अजून त्यांच्या मांडीवर होती.

गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र शरणप्पानं जमवून दिलं. शरणप्पा निलंग्याकडचा. रेडिओ दुरुस्त करायचा आणि लग्नसराईत माईक भाड्यानं द्यायचा. कुठलंही काम सांगितलं की तो आधी "आग्तद, आग्तद" म्हणायचा, म्हणजे होतंय, होतंय, आणि मग काम काय आहे ते विचारायचा. त्याच्याकडं लग्नातला अ‍ॅम्प्लिफायर होता पण डब्याचा स्पीकर नव्हता. होता तो कर्णा. मंडपाच्या बांबूवर बांधतात तो, हंड्याएवढ्या तोंडाचा. मी म्हटलं, शरणप्पा, हा घरात लावला तर माणसं मरतील. त्यानं थोडा विचार केला आणि कर्ण्याचं तोंड भिंतीकडं केलं. म्हणाला, आता भिंत मरंल, तुमी न्हाई.

कर्णा घरात जाताना श्रीमंतरावांनी पाहिला. कर्ण्याला ठाण्याची परवानगी लागते, उद्या तुम्हाला नेतील आणि जबानीला मला बोलावतील, असं त्यांनी तीन-चार वेळा सांगितलं. मी सरळमार्गी नोकरदार माणूस. ठाण्यात गेलो. तिथले हवालदार चंद्रप्पा भले होते. त्यांनी विचारलं, कार्यक्रम कोणता? लग्न, बारसं, भजन, का प्रचार? मी म्हटलं, कार्यक्रम नाही, मी एकटाच वाजवणार. ऐकणार कोण? मीच. कर्ण्याचं तोंड कुणीकडं? घराच्या आत. चंद्रप्पांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. आपल्या सबंध नोकरीत असा माणूस आला नाही, असं म्हणून त्यांनी अर्ज जिल्हा कचेरीकडं पाठवायला सांगितलं. पाठवला. अर्ज फिरत फिरत आमच्याच कचेरीत आला आणि त्याचं उत्तर टाइप करायला माझ्याच टेबलावर आलं. या विषयावरचे नियम जुन्या जिल्ह्याहून प्राप्त होताच आपणांस कळवण्यात येईल, असं मी मला कळवलं. वर 'महोदय' घातलं होतं, त्यामुळं वाचून बरं वाटलं.

संध्याकाळी दिवे लागले की करंट इतका उतरायचा की टेपमधला मारोती ढोलकी वाजवता वाजवता झोपी जायचा. म्हणून रेकॉर्डिंगला रविवारची भर दुपार धरली. खिडक्या लावल्या, भिंतींना वाकळा टांगल्या. उन्हाळ्यातल्या लातुरात वाकळा टांगलेल्या बंद खोलीत बिनपंख्याचा माणूस कसा दिसतो याचं वर्णन मी करत नाही. साथ सुरू झाली. दादाची पहिली ओळ वरच्या पट्टीत लांब धरलेल्या सुरानं सुरू व्हायची. मी तो सूर धरला. कर्ण्यातून तो जो निघाला तो भिंतीवर आपटला, पत्र्यावर गेला आणि पत्र्यातून सगळ्या गल्लीवर पसरला. मी डोळे मिटून घेतले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून दादासारखा सूर लागला होता.

कडवं संपवून दार उघडलं तर सगळी गल्ली माझ्या दारापुढं. माझं गाणं ऐकायला एवढी माणसं, तीही उन्हात. मी घाम पुसत नम्रपणे विचारलं, कसं काय वाटलं? श्रीमंतरावांच्या पत्नी धोंडाबाई पुढं होत्या. त्यांनी कमरेवरची रिकामी घागर खाली ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, टँकर कुठं हाय?"

तेव्हा उलगडा झाला. लग्नाच्या कर्ण्यातून आलेला माझा लांब सूर आणि टँकरचा हॉर्न यांत गल्लीला काही फरक लागला नव्हता. सगळ्यांत वाईट म्हणजे माय माझ्याच ओट्यावर बसली होती. आवाज तिच्या पाठीमागून, तिच्या स्वतःच्या घरातून आला. तरी ती उलट्या दिशेनं कोपऱ्याकडं पळाली, आणि पहिली पोचली. परत आल्यावर ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

पुढच्या रविवारी मी कर्ण्यावर दोन गोधड्या टाकल्या आणि सूर निम्मा केला. तरी घागरी निघाल्याच. त्या दिवशी मात्र माझं कडवं संपायला आणि कोपऱ्यावर खराखुरा टँकर यायला एकच गाठ पडली. झालं. टंचाई शाखेतल्या भाऊसाहेबांना आतली खबर असते, ते उघड सांगू शकत नाहीत म्हणून वाजवून सांगतात, असं गल्लीत ठरलं. मागच्या गल्लीतल्या लोकांनी माझ्या दारापुढं घागरींची रांग लावली आणि नंबर जाऊ नये म्हणून एकेका घागरीत दगड ठेवले. एकजण येऊन म्हणाला की बेस्तरवारी आमच्याकडं बारसं आहे, सकाळी थोडं वाजवाल का. मी नाही म्हटलं तर तो हिरमुसला होऊन गेला आणि मला गर्व झालाय असं चार ठिकाणी सांगत सुटला.

बातमी कचेरीत पोचली. साहेबांनी आत बोलावलं. तुम्ही वाद्य वाजवून टँकर आणता अशी तक्रार आहे, ते म्हणाले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दादाचं ऑपरेशन, पार्टी, कर्णा, वाकळा. साहेबांनी गंभीरपणे ऐकून घेतलं, दाराकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, की तसं काही नसेल तर उत्तमच, पण असलंच, तर आमच्या बंगल्याकडंही या आठवड्यात पाणी आलेलं नाही.

जयंतीच्या आदल्या दिवशी रविवार होता. तो शेवटचा. संध्याकाळच्या एसटीनं मला गावी जायचं होतं. पंचफुलाला माझी घालमेल बघवेना. तिनं धोंडाबाईंना जाऊन सगळं सांगितलं, जे मी मानापायी गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. धोंडाबाईंनी दादाला लातुरातल्या एका जयंतीत ऐकलेलं होतं. त्या ऐकून उठल्या आणि घरोघर फिरल्या. शनिवारी श्रीमंतरावांच्या ओसरीवर बैठक बसली. उद्या दुपारी गिटार वाजणार, तो टँकर नव्हे, कुणी जागचं हलायचं नाही, पोरांना दाबून ठेवायचं, बादली वाजवायची नाही. श्रीमंतरावांनी पुन्हा एकदा बासरीचा विषय काढला. धोंडाबाई त्यांना मध्येच थांबवून मला म्हणाल्या, "तुमी वाजवा. त्या माणसासाठी गल्ली अर्धा घंटा भैरी व्हईल."

रविवारी दुपारी गल्लीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. घाई न करता दोन्ही टेपा लावल्या. पहिलं कडवं लागलं. लांब सूर दिला, बाहेर घागर वाजली नाही. दुसरं कडवं तर असं गेलं की वाजवतोय कोण, असा मलाच प्रश्न पडला. दादा जिथं श्वास घ्यायचा तिथं मी थांबत होतो, तो जिथं ओळीला हिसका द्यायचा तिथं बोट आपोआप तार ओढत होतं. आता शेवटचं कडवं. झीलकरी 'चला हो, चला पाण्याला चला' म्हणत होते, माझा हात तारेवरून उचललेला होता, आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून हॉर्न आला.

माझा हात हवेत होता, म्हणजे हा मी नव्हे. मी खिडकीची फट उघडली. सगळी गल्ली आपापल्या उंबऱ्यावर बसलेली, हात मांडीवर, चेहरे प्रार्थनेसारखे. हॉर्न चालू आहे आणि कुणी हलत नाही. धोंडाबाई एका पोराचा दंड धरून बसल्या होत्या आणि मानेनं त्याला सांगत होत्या, बस, गिटार हाय. माझी माय ओट्यावर पाठ ताठ करून बसली होती. गल्लीला आपला लेक ऐकवतोय, या अभिमानानं तिचा चेहरा भरला होता. बरेच दिवस टँकर आला नव्हता. रांजण तळाला गेलेले. आणि मागं टेपमध्ये दादाची जागा आली होती, मारोतीचा ठेका मला बोलावत होता.

मी त्या वेळी काही थोर निर्णय घेतला असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी मायकडं पाहिलं आणि पाय निघाले. गिटार गळ्यात तशीच. दारापर्यंत गेल्यावर वायर ताणून फाट्कन निसटली आणि मी ओट्यावर उभा राहून ओरडलो, "टँकर! खरा टँकर!"

कुणी हललं नाही. धोंडाबाईंनी तोंडावर बोट ठेवून मला गप्प बसायची खूण केली. श्रीमंतरावांनी हातानंच आत जा, आत जा, असं सुचवलं. रेकॉर्डिंग बिघडेल म्हणून सगळी गल्ली माझ्यावर डोळे वटारत होती. मी मायचा खांदा धरून हलवला. माय, ऊठ, पाणी आलंय. हॉर्न पुन्हा वाजला. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा घराकडं.

"तू हितं हायस," ती म्हणाली, "मग आत कोन वाजवून राहिलंय?"

आणि घागर उचलून ती पळाली. तिच्यामागं सगळी गल्ली. ड्रायव्हरनं टँकर चालू केला होता, माय त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि नंबर लागेपर्यंत सरकली नाही. गिटार गळ्यात घेऊन मीही घागरी वाहिल्या. लाल गिटारला त्या दिवशी जेवढं पाणी लागलं तेवढं नांदेडात कधी लागलं नसेल.

परत आलो तर टेप संपून बंद पडली होती, आणि लाइट गेली होती. बॅटरीचे सेल घालून ऐकलं. दोन कडवी चांगली. मग फाट्, मग माझी बोंब, मग मायचा प्रश्न, मग घागरी, बादल्या, धोंडाबाईंचा "सरका, सरका", आणि या सगळ्याला झीलकरी शांतपणे उत्तर देत होते, 'चला हो, चला पाण्याला चला.' शेवटच्या कडव्यात गिटारच नव्हती. लाइट कधी येईल ते सांगता येत नव्हतं, एसटीची वेळ झाली होती. पंचफुला म्हणाली, जेवढं हाय तेवढं न्या. मी कॅसेट रुमालात बांधली. ती वाट मी आयुष्यात विसरणार नाही. औशापर्यंत रुमालाची गाठ चाचपत बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात निळे झेंडे, पताका, वंदना झाली. पार्टी नाही म्हणून लोक उगाच बसल्यासारखे बसले होते. दादा मागं भिंतीला टेकून, अर्धा पाठमोरा, उठायच्या तयारीत. मी त्याला एवढंच म्हटलं होतं की थोडं बस. दोन कडवी झाली की टेप बंद करायची, असं मी माईकवाल्याला बजावलं आणि दादाजवळ येऊन बसलो.

पहिला लांब सूर कर्ण्यातून निघाला तेव्हा मागच्या दोन-तीन बाया उठून वेशीकडं बघू लागल्या. दुष्काळ तिथंही होताच. दादानं मात्र मान वळवली. दुसऱ्या कडव्यात त्याची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली. ते बघता बघता माईकवाल्याकडं बघायचं मी विसरलो, आणि तोही ऐकत बसलेला. फाट्. "टँकर! खरा टँकर!" सगळ्या गावानं माझी बोंब ऐकली. "तू हितं हायस, मग आत कोन वाजवून राहिलंय?" गाव हसायला लागलं. घागरी आदळत होत्या, झीलकरी चला म्हणत होते, माणसं पोट धरून हसत होती. लाजेनं माझे कान पेटले. मी टेप बंद करायला उठलो तर दादानं माझं मनगट धरलं.

तो हसत होता. आवाज नव्हता, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मनगट त्यानं सोडलं नाही. टेपमधली गल्ली पळत पळत कोपऱ्याकडं गेली, घागरी लांब लांब गेल्या, आणि मागं उरली नुसती ढोलकी आणि पेटी. दादाची जागा आली. तिथं कुणीच नव्हतं.

दादाचे ओठ हलले. आधी मला वाटलं तो हसतोच आहे. मग ऐकू आलं. कोरड्या पानावर पाय पडावा तसा आवाज, आणि शब्द होते, 'आता कुणी अडवणार न्हाई.' झीलकऱ्यांनी टेपमधून उत्तर दिलं, 'चला हो, चला पाण्याला चला.' मी माईकचा दांडा ओढून त्याच्यापुढं आणला, आणला कसा ते मला आठवत नाही. पुढची ओळ कर्ण्यातून गावभर गेली. हसणं एकदम थांबलं. तिसऱ्या ओळीला झील टेपमधून आली नाही, म्हणजे आली असेल, पण ऐकू आली नाही. सगळं गाव झील धरत होतं.

कार्यक्रमानंतर आम्ही दोघं भाऊ भिंतीशी बसलो. मला राहवेना. म्हटलं, दादा, हे बिघडलेलं आहे, पुढच्या रविवारी मी पुन्हा भरून आणतो, गिटार शेवटपर्यंत वाजवतो. दादानं बराच वेळ घसा जमवला.

"पयली दोन तू वाजव," तो कुजबुजला. "सूर जरा आखूड धर, बाया उठत्यात. आन् शिवटच्या कडव्यात घुसू नको. ती जागा माझी हाय."

मी हो म्हणायला गेलो. नुसतं तोंड हललं, आवाज निघाला नाही.